केडगावच्या जुळारी

जुन्या मराठी पुस्तकात मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं हमखास सापडतात. १८६७ च्या कायद्याने ती छापणं सक्तीचं केलं, आणि आपला मुद्रणाचा इतिहास बराचसा त्या नावांच्याच आधाराने लिहिला गेला. पण ती नावं मालकांची. छपाईचे खिळे जुळवणाऱ्याला तिथे जागा नाही, आणि घरी बसून फर्मे मोडणाऱ्या, म्हणजे छापील कागदांच्या घड्या घालणाऱ्या, आणि ते शिवणाऱ्या बाईला तर नाहीच नाही. तिची मेहनत घरकामातच जमा झाली.

हे आपल्याकडेच झालं असं नाही. सोळाव्या शतकात पॅरिसच्या शार्लोट गिलार्डने मोठा छापखाना चालवला. पहिला नवरा वारल्यावर थोडा काळ आणि दुसरा वारल्यावर १५३७ पासून मरेपर्यंत पुस्तकांवर तिचं नाव आलं. मधल्या संसाराच्या वर्षांत पुस्तकांवर नवऱ्याचं नाव. त्या वर्षांत ती छापखान्यात काहीच करत नव्हती, हे मला पटत नाही.

म्हणून केडगावचा छापखाना मला मोलाचा वाटतो. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, बायबल सोप्या मराठीत आणलं, आणि ते केडगावच्या आपल्या मुक्ती मिशन आश्रमातच छापायला घेतलं. जुळणी, छपाई, बांधणी आश्रमातल्या बायका-मुली करत. दुष्काळातून वाचवून आणलेल्या कितीतरी जणी तिथे होत्या. रोमन लिपीच्या मानाने देवनागरीची जुळणी फार किचकट: काना-मात्रा, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं मिळून खिळ्यांच्या केसमध्ये शेकडो घरं. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात घराघरांतून फिरता, नजर मजकुरावर. खिळ्यावरचं अक्षर उलटं, तेही सराईतपणे वाचता यायला हवं. एक रफार सुटला की ओळ उसवायची आणि पुन्हा बसवायची. असं अख्खं बायबल. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला.

मराठी मुद्रणाबद्दल बोलताना आपण गणपत कृष्णाजी आणि जावजी दादाजी यांची नावं आदराने घेतो, ती घ्यायलाच हवीत. केडगावची आठवण मात्र धर्मांतराच्या वादात निघते, छपाईच्या इतिहासात क्वचित. हा अन्याय आहे.

खिळ्यांचे छापखाने बंद पडून फार काळ लोटलेला नाही. तुमच्या घरात, शेजारात फर्मे मोडलेली, खिळे जुळवलेली एखादी आजी असेल, तर तिचं नाव, छापखान्याचं नाव, मिळायची ती मजुरी, हातून गेलेली पुस्तकं, सगळं विचारून लिहून ठेवा. ती आहे तोवरच.