न विचारलेला प्रश्न

ज्याने विचारलेच नाही, त्याला खरे सांगण्याचे ऋण आपल्यावर असते काय? अश्वत्थाम्याच्या मृत्यूची अर्धीमुर्धी बातमी देणाऱ्या धर्मराजाला मी वर्गात अनेकदा आरोपी म्हणून उभे केले आहे. त्याला निदान द्रोणाचार्यांनी विचारले तरी होते. मला कोणी विचारलेही नाही.

वडिलांची जुनी प्रीमियर पद्मिनी आमच्याकडे आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी निघणे बंद होऊन दोन दशके लोटली, पण आमचा जीव तिच्यातून निघत नाही. ती तेल पिऊ लागली, मागून निळा धूर सोडू लागली, तेव्हा नंदुरबारच्या एका मिस्त्रींनी इंजिन उघडले. चारही सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन आणि नव्या रिंगा बसवल्या.

"पहिले हजार किलोमीटर, गुरुजी, तापातून उठलेल्या माणसासारखी चालवा," ते म्हणाले.

जेमतेम तीनशे किलोमीटर झाले असतील. सुट्टीत पाहुणे आले आणि मी गाडी तोरणमाळला काढली. प्रकाशाला तापी ओलांडली, शहादा मागे पडले. सातपायरी घाटात पाच माणसे, फराळाचे डबे, आणि मागून एका जीपचा सारखा हॉर्न! मी ईर्ष्येने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. (शिक्षकाला ईर्ष्या नसते, हा पालकांचा गैरसमज आहे.) इंजिन कण्हले आणि आवळून थांबले. तासाभराने निवल्यावर सुरू झाले खरे, पण निळा धूर परत आला.

पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट अ‍ॅल्युमिनियम फुगते. म्हणून दोहोंत केसाहून बारीक फट ठेवतात आणि त्या फटीत वंगणाचा पापुद्रा असतो. तो फाटला की धातू धातूला चिकटतो. मौज अशी, की फट मुळात कमी असली काय किंवा नवे इंजिन कोणी बेसुमार तापवले काय, पिस्टनवरचे ओरखडे पुष्कळदा सारखेच दिसतात.

मिस्त्रींनी तिसरा पिस्टन उजेडात धरला, कितीतरी वेळ फिरवून पाहिला. "फट माझ्याकडूनच कमी राहिली असेल. मजुरी घेणार नाही," ते म्हणाले. घाटाविषयी त्यांनी विचारले नाही. गुरुजींना असे विचारायचे नसते, एवढेच कारण. मी रुमालाने चष्मा पुसत राहिलो.

मजुरीचे पैसे वाचले, एवढ्यावर हे थांबते तर मी मनाची समजूत घातली असती. परंतु आपले माप चुकले असे धरून त्या प्रामाणिक माणसाने चारही सिलिंडर पुन्हा घासून किंचित सैल केले. त्यांतले तीन निर्दोष होते. घासलेले बीड परत येत नाही.

आता सकाळी थंड इंजिनात पिस्टन सैल आदळतात. खटखट ऐकू येते, गरम झाल्यावर विरते. परवा मिस्त्री मुद्दाम घरी आले. बॉनेटवर कान ठेवून ऐकले आणि खाली मान घालून म्हणाले, "पुन्हा माझेच चुकले."

तेव्हा मी घाटाचे सांगितले. जीपचे, ईर्ष्येचेसुद्धा.

ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी बराच वेळ हात पुसले, मग विचारले, "घाट चढताना तेलाची पातळी पाहिली होती का, गुरुजी?"