माणसे नसलेले सरोवर

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील लिंडर संग्रहात बिॲट्रिक्स पॉटर (१८६६-१९४३) यांचे एक जलरंगचित्र आहे. विषय उत्तर इंग्लंडमधील एस्थवेट सरोवराचा; तारीख २१ नोव्हेंबर १९०९, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावरची. ‘पीटर रॅबिट’ची ही निर्माती जगाला ठाऊक आहे ती निळे जाकीट घातलेल्या सशामुळे. या चित्रात ससा नाही, बेडूक नाही, माणूसही नाही. बालपुस्तकांच्या चित्रकर्तीने कोणत्याही पुस्तकासाठी नसलेले हे चित्र काढावे यात नवल नाही. प्रश्न वेगळाच आहे. ज्यात कोणाचे काही बरेवाईट होण्याची शक्यताच उरलेली नाही, अशा चित्राला नैतिक अर्थ असू शकतो काय?

पॉटर यांच्या पुस्तकांत नीती भरपूर आहे. पीटर परक्या मळ्यात चोरून शिरतो, जाकीट गमावतो आणि रात्री त्याच्या वाट्याला कॅमोमाइलचा काढा येतो. ‘जेरेमी फिशर’मध्ये (१९०६) पाणी आहे ते बेडकाला गिळू पाहणारा मासा त्यातून वर यावा म्हणून. तेथील निसर्ग कथेच्या चाकरीत आहे. एस्थवेटच्या चित्रात तो कोणाच्याच चाकरीत नाही. मर्ढेकरांचा शिष्य येथे म्हणेल की रंगसंवेदनांची लयबद्ध रचना पाहावी आणि नैतिकतेचा प्रश्न दाराबाहेर ठेवावा. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त सौंदर्याच्या संकल्पनेला लौकिक आणि अलौकिक असे दोन ध्रुव असल्याचे दाखवून दिल्यानंतर ते दार इतक्या निश्चिंतपणे लावून घेता येत नाही.

जलरंगाचे तंत्रच येथे एक मोह घालते. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग सहसा लावत नाहीत, राखून ठेवतात. आकाशाचा उजेड, पाण्यावरची चमक, बर्फ असल्यास बर्फ, हे सारे म्हणजे कुंचला न लागलेला कागद. हिवाळ्याच्या चित्रात तर चित्रकाराचे निम्मे कौशल्य हात आवरण्यात असते. मग ‘स्पर्श न करणे’ हीच या चित्राची नीती, असे म्हणून टाळ्या घेता येतील. मला ते फार स्वस्त वाटते. कागद न रंगवणे आणि जमिनीला हात न लावणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्या प्रदेशातील जमिनीला तर हात लागलेलाच आहे. टेकड्या उघड्या आहेत त्या शतकानुशतकांच्या मेंढपाळीमुळे. दगडी गडगे माणसांनी रचलेले आहेत. जवळच्या टार्न हाउजचा ‘निसर्गरम्य’ जलाशय एकोणिसाव्या शतकात बांध घालून तयार केलेला आहे.

रेमंड विल्यम्स (१९७३) आणि जॉन बॅरल (१९८०) यांचा आक्षेप येथेच लागू पडतो. राबणाऱ्याला जी जमीन असते, तिचे ‘दृश्य’ होते ते न राबणाऱ्याच्या नजरेत. आणि त्या दृश्यातून श्रमणारा माणूस पुसला जातो किंवा शोभेपुरता उरतो. कांटचा हितसंबंधनिरपेक्ष आनंद मग सुखवस्तू माणसाची सोय ठरू लागतो. पॉटर यांच्याबाबत तर निरपेक्षतेचा दावाही करता येत नाही. १९०५ मध्ये त्यांनी सरोवराजवळच्या निअर सॉरी गावातील हिल टॉप ही शेतवाडी विकत घेतली होती आणि १९०९ मध्येच त्याच गावातील कॅसल फार्म घेतले. म्हणजे हे दृश्य पाहणारी स्त्री जमीनमालक होती.

यावर त्यांचे कैवारी पुढील चरित्राकडे बोट दाखवतात. १९१३ मध्ये त्यांनी विल्यम हीलिस या स्थानिक वकिलाशी विवाह केला, पुस्तके मागे पडली, त्या हर्डविक मेंढ्यांच्या जाणकार झाल्या. मृत्यूनंतर चार हजारांहून अधिक एकर जमीन नॅशनल ट्रस्टकडे गेली; डोंगरावरच्या वाड्यांत हर्डविकचेच कळप राखावेत, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली होती. चित्रात ज्या श्रमाला जागा मिळाली नाही त्याची सोय मृत्युपत्राने केली, असा हा युक्तिवाद. तो मला मान्य नाही. मृत्युपत्राने चित्र दुरुस्त होत नाही. ऐन थंडीत कोणता कळप कोठे आहे हे जाणणारी व्यक्ती मेंढ्या गाळते आणि ज्याला मेंढ्या दिसलेल्याच नाहीत असा प्रवासीही त्या गाळतो. कागदावर दोन्ही रिकामेपणे सारखेच दिसतात. रूपवादी याला चित्राचा विजय म्हणेल. नीतिवादी अडचणीत येईल, कारण त्याला हवा असलेला भेद दृश्यात सापडतच नाही.

माझी नजर मात्र तारखेपाशी अडते. नुसता महिना किंवा ऋतू नव्हे, दिवससुद्धा. पॉटर यांनी तरुणपणी अळंब्यांचा अभ्यास केला होता आणि त्यांच्या बीजाणूंवरील त्यांचा निबंध १८९७ मध्ये लिनियन सोसायटीत सादर झाला होता (दुसऱ्याकरवी, तेथे स्त्रियांना प्रवेश नव्हता). नमुन्याची नोंद दिवसानिशी करणे ही अभ्यासकाची शिस्त. निसर्गदृश्याचे पोस्टकार्ड आपले सरोवर सार्वकालिक म्हणून विकते. तारीख घातलेले चित्र म्हणते की या दिवशी, एका जागी उभे राहून, एका माणसाला हे असे दिसले. विल्यम्सचा आक्षेप त्याने खोडला जात नाही, पण त्याला मर्यादा पडते: येथे माणूस कायमचा पुसलेला नाही, त्या वेळी तो तेथे नाही, इतकेच. (पंचांग पाहिले तर तो रविवार होता. मेंढ्यांना रविवार नसतो, हे खरे.)

आज पर्यावरणाच्या काही अभ्यासकांचा आरोप आहे की मेंढ्यांनीच त्या टेकड्या उजाड केल्या. २०१७ मध्ये लेक डिस्ट्रिक्टला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली तीही त्या मेंढपाळ संस्कृतीसह, म्हणून वाद अधिकच चिघळला. त्या वादात पॉटर यांची इच्छा एका बाजूची साक्षीदार म्हणून उभी केली जाते. एस्थवेटच्या चित्राला कोणी साक्षीला बोलावलेले नाही. बावीस नोव्हेंबरला त्या सरोवराचे काय व्हावे, याविषयी ते काही मागत नाही.