तिथं आपलं कोण आहे?

नागपूर सोडून पुण्याला जावं की नाही, याचा माझ्या भाच्याने एक तक्ता केला आणि मला पाठवला. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे, प्रत्येकापुढे दहापैकी गुण. पगाराला आठ, हवेला नऊ, घरभाड्याला तीन. आईवडिलांपासून लांब राहण्याचे उणे चार. हिशेब चोख होता, तरी तो वाचल्यापासून माझी बेचैनी जाईना. पुण्यातली रहदारी, नागपूरचं ऊन, दोन्हीकडचे जागेचे भाव सगळ्यांना पाठ आहेत, त्यांत मी शिरत नाही. मला खटकलं ते निराळंच. या तक्त्यात माणूसच कुठे नव्हता.

शहर बदलताना दोन प्रकारच्या गोष्टी समोर येतात, असं मी मानत आलो आहे. काही घरबसल्या मोजता येतात आणि काही तिथल्या माणसालाच विचाराव्या लागतात. भाडं किती ते मोजता येतं. रात्री ताप चढला तर कोणाचं दार वाजवायचं, हे विचारावं लागतं. भाच्याच्या तक्त्यात फक्त पहिल्या प्रकारच्या गोष्टी होत्या.

शंभर वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातला तरुण मुंबईला निघाला की वडीलधारी माणसं पगाराच्या आधी विचारत, ‘तिथं आपलं कोण आहे?’ 1921 च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक शहराबाहेर जन्मलेले होते. एवढी माणसं त्या शहराने सामावली ती या एका प्रश्नाच्या आधारावर. परळ-लालबागला गावकीच्या खोल्या असत. एका खोलीत एकाच गावची कितीतरी माणसं, गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपणारी. वळकटी कोपऱ्यात, ट्रंक भिंतीशी. गावचा जॉबर, म्हणजे मुकादम, असला तर तोच गिरणीत चिकटवून देई.

आणि खाणावळवाल्या बायका! त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. एकट्या आलेल्या गिरणी कामगारांना त्या दहा बाय दहाच्या खोलीत रांधून वाढत. पैसे महिन्याच्या शेवटी मिळत, किराणा मात्र रोज लागे, म्हणून सावकाराचं व्याज डोक्यावर असे. संप झाला तरी ताटं थांबत नसत, उधारी वाढत राही. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा बँकेचं कर्ज या बायकांपर्यंत पोहोचू लागलं. मुंबई गिरण्यांनी उभी केली असं आपण म्हणतो. गिरणीत उभं राहणाऱ्याला जेवू कोणी घातलं, हे त्याच वाक्यात म्हणायला हवं.

माझे एक मित्र बँकेतून निवृत्त झाले आहेत. त्यांना माझं म्हणणं पटत नाही. ‘ओळखीच्या आधारावर निर्णय घेतले म्हणून आपली माणसं मागे राहिली. तक्ताच बरा, तो कोणाची भीड धरत नाही.’ त्यांची एक गोष्ट मी मान्य करतो. शहराच्या नुसत्या कौतुकाला भुलून निघालेल्या मुलाला तक्ता जमिनीवर आणतो. पण त्यांच्या सगळ्या बदल्या बँकेच्या क्वार्टरमध्ये झाल्या. किल्ली हातात घेऊनच ते प्रत्येक गावात उतरले. जागा कोण देईल हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही, आणि न पडलेल्या प्रश्नाला तक्त्यात रकाना कुठून येणार?

तरीही त्यांच्या बोलण्यातला तो शब्द, ‘ओळख’, मला सोडेना. कारण मी ज्या गावकीच्या खोलीचे गुण गातो आहे, तिचं दार सगळ्यांना उघडं नव्हतं. गिरणीतही साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पगार चांगला, पण तिथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना शिरकाव नव्हता. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, त्याचा विटाळ म्हणून. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला.

त्यांचा स्वतःचा बडोद्याचा अनुभव तर याहून थेट आहे. 1917 साली परदेशातून शिकून ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. नोकरी मानाची, शिक्षण कोलंबिया विद्यापीठाचं. भाच्याच्या पद्धतीने गुण दिले असते तर डावा रकाना ओसंडला असता. शहरात राहायला मात्र जागा नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. दोन मित्रांकडे आसरा मागितला, दोघांनीही आपापली अडचण सांगितली. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत काढले. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

‘तिथं आपलं कोण आहे?’ या प्रश्नाचं बडोद्यातलं उत्तर ‘कोणी नाही’ असं होतं. मग त्या शहरात जाऊ नये, असं मी म्हणणार का? नाही म्हणणार. म्हणजे माझा लाडका प्रश्न अपुरा आहे. ज्यांचं कोणी तरी आहे त्यांनाच तो वाट दाखवतो आणि ज्यांना गाव सोडण्याची गरज सर्वांत जास्त, त्यांना वेशीवरच अडवतो. गावात ज्याचं आडनाव आधी पोहोचतं आणि तो नंतर, त्याला कोणी न ओळखणारं शहर हाच मोठा लाभ असतो. हा लाभ भाच्याच्या तक्त्यात नाही आणि माझ्या आजवरच्या विचारातही नव्हता.

तेव्हा जाणाऱ्यानेच सगळं तोलावं, ही अपेक्षाच मला आता चुकीची वाटते. तोलायचं आहे ते शहराला. ज्याचं तिथं कोणी नाही त्याला ते खोली देतं का? पुण्यात आणि मुंबईत आजही भाडेकरूला आडनाव विचारतात, मांसाहार करता का विचारतात, एकटी बाई असेल तर रात्री किती वाजता परत येणार तेही विचारतात. पैसे हातात असूनही माणूस दारातून परत जातो. असल्या शहरात हवा कितीही छान असो, ते माझ्या लेखी नापास आहे.

पण हे तोलणं भाच्याचं काम नव्हे, म्हणून त्याला मी ‘जा’ असंच कळवलं आहे. आणि ज्यांच्याकडे एखादी खोली रिकामी आहे त्या वाचकांना सांगणं आहे, दारात आलेल्या अनोळखी माणसाला भाडं सांगा, पाण्याची वेळ सांगा, हवं तर दोन महिन्यांचं डिपॉझिट मागा. त्याचं आडनाव करारनाम्यावर सही करताना कळेलच, त्याआधी विचारू नका.