वातकुक्कुटाची बाजू

एखाद्याने मत बदलले की आपण त्याला वातकुक्कुट म्हणून मोकळे होतो. ‘वारा पाहून पाठ द्यावी’ हे तर आपल्या घरांतून लहानपणापासून कानांवर पडलेले. कधी शहाणपण म्हणून, कधी टोमणा म्हणून. कोकण आणि मुंबई सोडून इस्राएलला आलेल्या आम्हा लोकांना मागे राहिलेल्यांकडून तो टोमणा खावा लागला आहे. तेव्हा या बिचाऱ्या पत्र्याच्या कोंबड्याची बाजू एकदा मांडावी असे फार दिवस मनात होते.

पहिली गोष्ट ही की तो वाऱ्याला पाठ देतच नाही, तोंड देतो. त्याची शेपटीकडची बाजू रुंद असते. वारा तिला मागे ढकलतो आणि चोच वारा जिकडून येतो तिकडे वळते. पश्चिमेचा वारा असेल तर चोच पश्चिमेला. ज्या दांड्यावर तो फिरतो तो मात्र जागचा हलत नाही. गंजून एकाच दिशेला अडकलेला कोंबडा निष्ठावंत दिसतो खरा, पण तो खोटी दिशा दाखवतो. तक्त्यावरचा कालचा ताप पाहून आजचा आकडा भरणारी नर्स त्याच जातीची!

हा विचार करायला हॉलंडसारखा देश नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या दक्षिणेस झुइडास हा बँकांच्या नि वकिलांच्या उंच काचेच्या इमारतींचा भाग आहे. तिथून फार दूर नाही अशा ठिकाणी, आम्स्टेल नदीच्या काठी, रीकरमोलेन नावाची १६३६ सालची पवनचक्की उभी आहे. शेजारी रेम्ब्रांटचा पुतळा आहे. सखल जमिनीतले पाणी उपसणे हे तिचे काम होते; १९६१ साली ती मूळ जागेवरून हलवून इथे आणली. अशा चक्कीची पाती वाऱ्यासमोर आणायची तर चक्कीवाल्याला तिचा माथा फिरवावा लागतो. पाठीमागून जोराचा वारा शिरला तर नुकसान होते, म्हणून दिशा त्याला खरी कळायलाच हवी. पण ती कळल्यावर पात्यांवर कापड किती चढवायचे, चक्की चालवायची की थांबवायची, हे तो स्वतः ठरवतो. थांबवतानाही तो काही सांगत असतो. पाते सर्वांत वर पोचण्याच्या जरा आधी थांबवले तर आनंद, जरा पुढे गेल्यावर थांबवले तर शोक. २०१४ च्या जुलैमध्ये युक्रेनवर विमान पाडले गेले तेव्हा राष्ट्रीय शोकाच्या दिवशी अनेक चक्क्या अशा शोकात उभ्या होत्या. कोंबड्याला एवढी मुभा नसते.

आणि माझी वकिली इथेच अडखळते. झुइडासच्या पूर्वेला रिव्हिएरेनबुर्त ही वस्ती आहे. अ‍ॅन फ्रँकचे कुटुंब लपण्यापूर्वी तिथेच, मेर्वेडेप्लेन चौकात, राहत होते. जर्मन अमलात जानेवारी १९४१ मध्ये यहुद्यांच्या नोंदणीचा हुकूम निघाला. फेब्रुवारीत चारशेंहून अधिक यहुदी पुरुषांना धरून नेले, तेव्हा २५ तारखेला शहरातले ट्रामवाले, गोदीकामगार आणि इतर हजारो लोक काम टाकून रस्त्यावर आले. संप दोन दिवसांत बळाने मोडला. पुढे मे महिन्यात नगरपालिकेच्या सांख्यिकी खात्याने एक नकाशा तयार केला. त्यावरचा एक ठिपका म्हणजे दहा यहुदी.

तो काढणारे कारकून काही खोटे लिहीत नव्हते. मोजणी नीट, ठिपके नीट. वारा जिकडून आला तिकडे चोच. ट्रामवाल्यांनाही वाऱ्याची दिशा तेवढीच ठाऊक होती.

मग त्या कारकुनाने ठिपके चुकीचे टाकायचे होते का? वॉर्डातल्या वहीत खोटी नोंद करायची नाही, हे मी नोकरीभर पाळले, आणि हा प्रश्न मला सोपा वाटत नाही. पण वॉर्डातली वही रोग्याच्या उपयोगाची असते. तो नकाशा, ज्यांचे ठिपके होते त्यांच्यासाठी काढलेला नव्हता. एवढा फरक कारकुनाला खुर्चीवरून दिसत असणारच, असे मला वाटते. चुकीचा ठिपका टाकण्याचे धैर्य नसले तरी टाक खाली ठेवता आला असता, आणि त्याची शिक्षा काय होईल याचे भय होते हेही खरे. वाचकांपैकी ज्यांनी सरकारी नोंदवह्या सांभाळल्या आहेत त्यांनी आपले मत अवश्य कळवावे.