पाहुण्याच्या हाताला काम

पाहुण्याला देव मानावे असे उपनिषदात सांगितले आहे. सांगणाऱ्याच्या घरी वर्षाकाठी किती पाहुणे येत, याचा तिथे उल्लेख नाही. आम्ही मात्र ती आज्ञा अक्षरशः पाळली आणि फजीत झालो.

त्याचे असे झाले. काही वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आमच्या बाजूला एका संस्थेने परदेशी तरुणांचे प्रशिक्षण शिबिर भरवले. वीस-बावीस मुले, तितक्याच तऱ्हा. आधी नेतृत्व, सहकार्य वगैरे विषयांवर चर्चा आणि शेवटचे तीन दिवस गावातल्या घरांतून मुक्काम. झाई म्हणजे महाराष्ट्राचे शेवटचे टोक. इथे किनाऱ्याने गप्पा मारत निघालेला माणूस कधी गुजरातेत शिरतो ते त्याचे त्याला कळत नाही. तेव्हा परप्रांत आम्हांला रोजचाच. परदेश पहिल्यांदाच घरी येत होता. आमच्या वाट्याला दोघे आले. एक पोलंडचा, एक केनियाचा.

सौ.ने आठ दिवस आधीपासून घर डोक्यावर घेतले. माझ्याकडे वासाचे खाते आले. आमच्या घरामागे मांगेल्यांची वस्ती. पावसाळा सरला की तिथे बांबूंवर बोंबील वाळत पडतात, आणि बोंबलाच्या वासाला कुंपण घालता येत नाही. मी पाहुण्यांच्या खोलीची समुद्राकडची खिडकी खिळा ठोकून बंद केली आणि उशाशी उदबत्त्या लावल्या. पोलंडवाला रात्रभर खोकत होता. पण खोकला उदबत्तीचा होता, बोंबलाचा नव्हता, एवढे समाधान मला मिळाले.

जेवण झाल्यावर तो ताट उचलायला लागला. सौ. धावली. "अहो, सांगा ना त्यांना, राहू दे म्हणून!" मी सांगितले. केनियावाला विहिरीवर बादली भरायला गेला. ती मी हिसकावून घेतली. "आमच्याकडे पाहुण्याने इकडची काडी तिकडे करायची नसते," असे मी दोघांना माझ्या इंग्रजीत समजावले, तेव्हा ते अंगणात काडी शोधू लागले. असो.

थोडक्यात, देवाचे जे जे करतात ते ते आम्ही त्यांचे केले. सकाळी स्नान, बाराला नैवेद्य, आणि मग दार लोटून घ्यायचे. देवाला त्यात कंटाळा येत नाही. हे विशीतले देव दुसऱ्याच दिवशी जांभया देऊ लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी केनियावाला गायब. शोधत गेलो तर मागच्या वस्तीतल्या आजींच्या शेजारी उकिडवा बसून दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवत होता आणि जोड्या बांबूवर टाकत होता.

"आजी, अहो पाहुणा आहे तो!" मी ओरडलो.

"म्हणून तर सोपं काम दिलं," आजी म्हणाल्या.

त्याचे गाव व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी. तिथे 'ओमेना' नावाची बोटभर मासळी अशीच उन्हात वाळवतात. पहिल्या रात्री उदबत्तीच्या धुरातून ओळखीचा वास आला, त्याला आई आठवली, म्हणून तो खिडकी उघडायला गेला. तर खिडकीला खिळा!

निरोपाच्या वेळी त्याने आम्हां दोघांपुढे आभाराचे छोटेसे भाषण केले. भाषण चांगले होते. मग आजी आल्या, आणि हा सहा फुटी गडी त्यांच्या खांद्यावर डोके ठेवून रडला. मला ते लागले. का लागू नये? तीन दिवस तूप-साखर ओतली आम्ही, आणि डोळ्यांतले पाणी गेले बोंबलांना!

त्या रात्री झोप येईना. आणि मग मला संजाण आठवले. ते इथून जवळच, उंबरगावच्या पुढचे स्टेशन. इराणातून आलेले पारशी तिथे उतरले, तेव्हा जादी राणा राजाने दुधाने काठोकाठ भरलेले भांडे त्यांच्यापुढे ठेवले म्हणतात. अर्थ असा की, इथे जागा नाही. पारशांच्या धर्मगुरूने त्यात अलगद साखर टाकली. अर्थ असा की, सांडणार नाही, गोडी वाढवू. आजवर मी या गोष्टीत साखर टाकणाऱ्यालाच शाबासकी देत आलो. पण भांडे पुढे धरून ठेवणाऱ्याचे काय? त्या जागी मी असतो तर "राहू द्या, राहू द्या, साखर आमच्याकडे पुष्कळ आहे," म्हणून भांडे मागे घेतले असते!

इ. स. १६०० च्या सुमारास लिहिलेल्या 'किस्सा-ए-संजान'मध्ये ही साखर नाहीच. तिथे आहेत त्या राजाच्या अटी: इथली भाषा बोला, बायकांना इथला पेहराव करू द्या, शस्त्रे खाली ठेवा. म्हणजे त्या राजानेही पाहुण्यांना नुसते बसवून ठेवले नाही. पुण्याला जागतिक गर्ल गाईड संघटनेचे 'संगम' केंद्र १९६६ पासून आहे. तिथेही परदेशी मुली येतात आणि स्वयंसेविका म्हणून राबतात. स्काउट-गाईडच्या मुलांना रोज एक सत्कृत्य करायला शिकवतात, ते ठीकच. पण सत्कृत्य करून घेणाराही कुणी लागतो. सगळेच म्हातारीला रस्ता ओलांडून द्यायला निघाले तर म्हातारी व्हायचे कुणी?

मी म्हातारी व्हायला तयार नव्हतो. देणारा मीच, उपकार माझेच, पुण्यही माझेच. फेडायची सोय त्या पोरांना ठेवलीच नाही. ज्याला मी औदार्य समजत होतो, तो चक्क हावरटपणा होता.

आता कोणी म्हणेल, मग काय पाहुण्याला दळायला बसवावे? तसे नव्हे. आजींनी सगळा माल त्याच्या अंगावर टाकला नव्हता. तासाभराचे काम दिले आणि स्वतः शेजारी बसल्या. त्याने चार बोंबील मातीत पाडले, ते मुकाट्याने धुऊन घेतले. पाहुण्याला मदत करू द्यायची तर एवढे नुकसान सोसावे लागते. आमची तयारी नव्हती. खरे सांगायचे तर सौ.च्या नव्या काचेच्या बशांची काळजीच अतिथिधर्माचे सोवळे नेसून बसली होती.

खिडकीचा खिळा मी दुसऱ्या दिवशी काढला. पुढच्या महिन्यात मेहुणे आले, तेव्हा नव्या तत्त्वाप्रमाणे त्यांच्यापुढे विळी आणि नारळ ठेवला. त्यांनी नारळ खवला, खोबरे चांगले बारीक पडले. मात्र त्यानंतर ते फिरकलेले नाहीत. सौ.चे म्हणणे, तत्त्व चुकले. माझे म्हणणे, पाहुणा चुकला.