लेपावर लेप

नवे करावयाचे ते जुने पुसून, की जुन्याच्या आधाराने, हा प्रश्न समाजसुधारणेच्या चर्चेत आपण पुष्कळदा ऐकतो. परंतु तो सर्वांत उघडपणे जर कोणापुढे उभा राहत असेल, तर होडी रंगविणाऱ्यापुढे, असे आम्हांस वाटते. पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर होड्या ओढून वर घेतलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमेपूर्वी त्यांची डागडुजी व रंगकाम उरकावयाचे असते. जुना रंग पार लाकडापर्यंत खरवडून काढण्यास सवडही नसते आणि पैसाही नसतो. बहुधा तशी गरजही नसते. जुन्या रंगावरच नवा चढवावयाचा असतो.

पण कोणताही रंग कोणत्याही रंगावर बसत नाही. तेलाच्या साध्या रंगावर एपॉक्सीसारखा, दोन द्रव्ये मिसळून करावयाचा कडक रंग दिला, तर त्यातील तीव्र द्रावक खालच्या थरात शिरतो. तो थर मऊ पडतो, सुरकुततो आणि नव्यासह सुटून येतो. उलट एपॉक्सीच्या घट्ट, नीट घासलेल्या थरावर साधा रंग सहसा तक्रार न करता बसतो. म्हणून जाणता कारागीर नवा डबा उघडण्यापूर्वी जुन्याची परीक्षा घेतो. द्रावकात भिजविलेली चिंधी जुन्या रंगावर काही वेळ दाबून धरली, की तो विरघळतो किंवा टिकतो, आणि त्यावरून त्याची जात कळते. मग पोपडे धरलेला भाग खरवडावयाचा, घट्ट भाग राखावयाचा, काचकागदाने त्याची तुकतुकी मोडावयाची, आणि एका कोपऱ्यात थोडा रंग लावून तो बसतो की नाही हे पाहावयाचे. नव्या थराचे आयुष्य त्याच्या स्वतःच्या गुणांइतकेच खालचा थर त्यास स्वीकारतो की नाही, यावर अवलंबून असते. ही गोष्ट रंगाऱ्यास ठाऊक असते; नवे करू निघालेल्या आम्हां शिकलेल्यांस ती पुष्कळदा ठाऊक नसते.

वाशीम जिल्ह्यास समुद्र नाही. परंतु लेपावर लेप देण्याचा याहून फार बिकट प्रश्न याच जिल्ह्यात शंभर वर्षांहून अधिक काळ धुमसत आला आहे. मालेगाव तालुक्यातील शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे पुरातन जैन मंदिर आहे. मूर्ती भूमीपासून अधांतरी आहे अशी श्रद्धा, म्हणून ‘अंतरिक्ष’ हे नाव. ती वाळू आणि शेण यांची घडविलेली आहे असे परंपरा सांगते, आणि म्हणून तिचे रक्षण व्हावे यासाठी तिजवर वेळोवेळी लेप देण्यात आला. दगडाची मूर्ती शतके तग धरील; अशी मूर्ती लेपावाचून झिजणारच.

वरवर पाहता हा डागडुजीचा साधा प्रश्न आहे. पण तीर्थ श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही पंथांस पूज्य आहे. श्वेतांबरांच्या लेपात मूर्तीवर कटिसूत्र आणि कच्छोट यांच्या खुणा येतात. दिगंबरांच्या दृष्टीने तीर्थंकराचे रूप निर्वस्त्रच असावयास हवे. म्हणजे जो लेप एकास मूर्तीचे कवच वाटतो, तोच दुसऱ्यास तिच्या स्वरूपाचा लोप वाटतो. पूजेच्या वेळा वाटून घेण्याचा समझोता १९०५ मध्ये झाला होता. तरीही १९१० मध्ये प्रकरण अकोल्याच्या न्यायालयात गेले आणि १९२९ मध्ये थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचले. तेथेही श्वेतांबरांच्या बाजूने निकाल झाला. वाद मात्र मिटला नाही. १९८१ मध्ये मंदिरास कुलूप लागले. १९९८ मध्ये अकोल्यातून वाशीम हा निराळा जिल्हा झाला, तरी दार बंदच होते. अखेर २०२३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने श्वेतांबरांस लेप करण्याची परवानगी दिली, आणि मार्चमध्ये, बेचाळीस वर्षांनी, दार उघडले. त्याच महिन्यात तेथे दोन्ही गटांत झटापटही झाली.

हक्क कोणाचा, हे ठरविणे न्यायालयाचे काम. त्यात आम्ही पडत नाही. आमच्यापुढील प्रश्न निराळा आहे. जी वस्तू अनेकांची आहे आणि जी जपल्यावाचून टिकणार नाही, तिजवर नवा थर देण्याचा अधिकार कोणत्या अटींवर मिळतो?

कोणी म्हणेल, एकमत होईपर्यंत कोणीच हात लावू नये. हे मत निःपक्षपाती दिसते. परंतु ते तसे नाही. हात न लावण्याच्या बेचाळीस वर्षांतही काळाचा हात चालूच असतो, आणि तो कोणाच्याच बाजूचा नसतो. भांडणापायी किनाऱ्यावर पडून राहिलेली होडी दोन्ही भागीदारांची सारखीच कुजते. कोणी याच्या उलट म्हणेल, ज्याच्या हाती व्यवस्था त्याने आपल्या समजुतीप्रमाणे लेप द्यावा. पण कोणताही लेप केवळ रक्षण करीत नाही. देणाऱ्याची दृष्टीही तो वस्तूवर ठेवून जातो. आपला लेप तेवढा तटस्थ आणि दुसऱ्याचा तेवढा विकृती, असे वाटणे मनुष्यस्वभावास धरून आहे. म्हणूनच त्याविषयी सावध असावयास हवे.

आमच्या पूर्वजांनी लेपास कधी कमी लेखले नाही. वराहमिहिराने बृहत्संहितेत वज्रलेपाची कृतीच दिली आहे. टेंभुर्णी व कवठ यांची कच्ची फळे, सावरीची फुले अशी द्रव्ये पाण्यात उकळून, आटवून, त्यात राळ वगैरे मिसळण्यास तो सांगतो, आणि असा लेप कोट्यवधी वर्षे टिकेल असा भरवसा देतो. आजचे संवर्धनशास्त्र इतका भरवसा देत नाही. त्याचे म्हणणे असे, की लेप शक्य तितका थोडा असावा, मूळ द्रव्याशी जुळणारा असावा, आणि पुढील पिढीस अधिक ज्ञान झाल्यास मूळ वस्तूस इजा न होता काढता यावा. वराहमिहिराच्या वचनात कारागिराचा अभिमान आहे. या तीन अटींत पुढच्या माणसाविषयी आदर आहे. जेथे एकमत नाही, तेथे तर या अटी दुप्पट कसोशीने पाळावयास हव्यात. पहिली दोन बंधने द्रव्याची आहेत. तिसरे मात्र मनाचे आहे, कारण आपण चुकत असू हे त्यात मान्य करावे लागते.

या तीन अटींत आम्ही रंगाऱ्याची चौथी अट घालू इच्छितो. नवा थर देण्यापूर्वी जुना घासावा लागतो, आणि माणसांच्या बाबतीत हे घासणे म्हणजे दुसऱ्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणे. न्यायालय लेपास परवानगी देऊ शकते. तो मनात बसेल अशी पकड ते देऊ शकत नाही. ती पकड दोन पक्षांनी समोरासमोर बसूनच तयार करावयाची असते, आणि ते काम हुकूमनाम्याहून सावकाश चालते. घाईने, तुकतुकीत जुन्या रंगावर दिलेला नवा रंग पहिल्या दिवशी सर्वांत सुंदर दिसतो. तो बसला की नाही, हे पहिला पावसाळा सरल्यावरच कळते.