माबुझचे पुनरागमन

कीर्तिमान दिग्दर्शकाने कारकिर्दीची अखेर एखाद्या गाजलेल्या मालिकेच्या पुढच्या भागाने करावी काय, असा प्रश्न निघाला की मला जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांग आठवतो. ज्या डॉक्टर माबुझ नामक गुन्हेगाराला त्याने १९२२ साली पडद्यावर आणले, आणि ज्याच्यावरील पुढच्या चित्रपटाला १९३३ मध्ये नाझी सरकारने मनाईहुकूम बजावला, त्याच्याकडेच तो १९६० साली अखेरच्या चित्रपटासाठी परतला. त्यातले हॉटेल पाहावे: नाझी अमदानीत बांधलेले, खोल्याखोल्यांतून गुप्त कॅमेरे दडवलेले, आणि तळघरातील पडद्यांवर पाहुण्यांची प्रत्येक हालचाल उमटत असलेली! पात्र जुने, परंतु पाळतीचे हे भय सर्वस्वी येणाऱ्या काळाचे. म्हणूनच ही अखेर मला लांगच्या लौकिकास पूर्णतः साजेशी वाटते.